खऱ्याला शिक्का नाही

मोबाइलवर आजार शेवटच्या ओळीपर्यंत वाचला की तो वाचणाऱ्याला लागतो आणि वाचनालयात परत करता येतो, ही हिंगणखेडची रीत आहे. परतीची खिडकी अकरा ते पाच उघडी असते.

धोंडीराम फाळकेने त्या खिडकीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एसटीच्या डेपोत तीस वर्षं त्याने टायर बदलले. शाळा तिसरीत सोडलेली. वाचणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं त्याचं मत. मोबाइल त्याचा, पण वाचायची सातवी शिकलेली त्याची बायको भागीरथी. याला खोकला आला की हा फोन तिच्यापुढे आपटायचा, "बघ, काय म्हणतात!" ती बिचारी शेवटपर्यंत वाचायची. खोकला याचा, आजार तिला. असे सात आजार अंगावर घेऊन ती श्रावणापासून अंथरुणाला खिळली. आता तर पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागत होतं.

तेव्हा कुठे धोंडीराम वाचनालयाची पायरी चढला.

"सात आहेत. घ्या परत," तो ग्रंथपाल सुमती वाघचौऱ्यांना म्हणाला.

"असे नाही घेता येत, काका. समोर बसून वाचायचं. लिहिणारा कोण, कधी लिहिलं आणि विकतोय काय, एवढं शोधून सांगायचं. खोटा निघाला की शिक्का मारून आम्ही ठेवून घेतो. पेशंटला आणा."

"ती उठत नाही म्हणून तर मी आलोय!"

"मग तुम्ही वाचा. वाचाल तो तिच्या अंगावरून उतरेल."

"मला वाचता येत असतं तर ती पडली असती का, बाई?"

"खुर्ची ओढा," बाई म्हणाल्या.

पहिला आजार उतरवायला नऊ दिवस लागले. अक्षरागणिक बोट, ओळीगणिक शिवी. "काका, शिव्या मनात वाचा," बाई सांगायच्या. नवव्या दिवशी तो ओरडला, "अरे चोरा! खाली स्वतःचाच काढा विकतोय!" शिक्का बसला. त्या संध्याकाळी भागीरथीने पेला स्वतःच्या हाताने धरला.

दुसऱ्याला लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं. "बेवारशी," धोंडीराम म्हणाला. तिसरा चौदा वर्षं शिळा. पुढचे तीन एकाच बाबाचे, एकाच दिवशी गेले. भागीरथी भिंतीला धरून दारापर्यंत आली.

सातवा पायांच्या सुजेचा.

"लिहिणारा कोण?"

"डॉक्टरीण आहे. नाव, हुद्दा, इस्पितळ, सगळं दिलंय."

"कधी?"

"याच वर्षी."

"विकतेय काय?"

धोंडीरामने पान तीनदा वर-खाली केलं. "काहीच नाही. रक्त आणि लघवी तपासून घ्या म्हणते."

बाईंनी शिक्का डबीत ठेवला. "खरा आहे. खऱ्याला शिक्का नाही, काका. शेवटची ओळ राहिलीय तुमची. इथेच उठलात तर तो तिच्याकडे राहील. सहा परत केलेत, तुम्हाला कोणी नावं ठेवणार नाही."

धोंडीरामने टेबलाखाली पाहिलं. चपलेचा पट्टा घोट्यात रुतला होता. ज्येष्ठापासून रुतत होता. म्हणूनच तर तिला वाचायला लावलं होतं.

"सूज कुणाची?" तो स्वतःशीच म्हणाला आणि ओळीवर बोट ठेवलं. 'लवकर कळलं तर औषधाने आवरतं. उशीर झाला तर निकामी मूत्रपिंड पूर्ववत होत नाही.'

"लवकर म्हणजे किती, बाई?"

"ते डॉक्टरला विचारायचं. पत्ता वर कोपऱ्यात आहे. आता वाचता येईल तुम्हाला."

त्याने पत्ता वाचला. बाईंनी वहीत भागीरथीचं नाव खोडून त्याचं लिहिलं.

घरी भागीरथी चुलीपाशी उभी होती. "किती वेळ? चहा दोनदा गरम केला."

तो तिच्या अंथरुणावर टेकला. ते अजून उबदार होतं. तिने त्याच्या पायांवर गोधडी टाकली आणि सवयीने फोनसाठी हात पुढे केला.

"अहो, काय म्हणतात त्यात?"

"तू नको वाचू," धोंडीराम म्हणाला. "मी वाचलंय."