मधल्या सोळा पानांची तक्रार

पुस्तक वाचणे ही समाजाची गरज नाही. पुस्तकाविषयी मत असणे ही आहे. ही गरज परीक्षणे भागवतात. मी परीक्षणं आणि इतिहासाची मासिकं नेमाने वाचते. (दूध तापेपर्यंत एक परीक्षण होतं. इतिहासाचा लेख घेतला की दूध उतू जातं.) त्या अभ्यासावरून सांगते: शंभरातली नव्वद पुस्तकं 'मोठी उणीव भरून काढतात' आणि उरलेली दहा 'संग्रही असावीत'. इतक्या उणिवा भरूनही समाज रिकामाच कसा, यावर अजून लेख आलेला नाही.

माझ्या सासऱ्यांनी इतिहासाचं पुस्तक लिहिलं. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यात गेली. छापून घरी आलं तेव्हा कळलं, बांधणी करताना मधली सोळा पानं कोंबडीपालनाच्या पुस्तकाची लागली आहेत. झाडून सगळ्या प्रतींत. आम्ही रडवेले झालो. मामंजी म्हणाले, "कुणी काही बोलायचं नाही. जो तक्रार करील, त्याने वाचलं असं समजू."

तक्रार येईना. परीक्षणं मात्र आली. एका मासिकाने 'एकही पान अनावश्यक नाही' असा निर्वाळा दिला. दुसऱ्याने मधल्या भागातलं 'तळागाळाच्या जीवनाचं दर्शन' वाखाणलं. (खुराडं जमिनीपासून वीतभर उंच असावं, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे.) तिसऱ्याने पहिल्या दोघांचा आधार घेतला, संशोधन म्हणतात ते हेच.

मामंजी रोज दाराशी खुर्ची टाकून बसत. अभिनंदनाला येईल त्याला विचारत, "मधला भाग कसा वाटला?"

"ओघवता!"

दर 'ओघवता'गणिक त्यांचा सदरा त्यांना थोडा मोठा होत गेला. सासूबाईंनी आपल्या परीने धीर दिला. "अहो, जन्मभर तुमचं तोंड वाचतेय. आता पुस्तकही मीच वाचू?"

शेवटी एक गृहस्थ तणतणत आले. "पुस्तक तुमचंच ना? मध्येच तुटलंय हो! पिल्लांना ऊब किती द्यायची, तिथवर येतं आणि पुढे भलतंच सुरू!"

मामंजी ताडकन उठले. "म्हणजे तुम्ही वाचलंत?"

"शब्दन् शब्द. खुणा केल्यात, बघा."

"आणि ते... भलतं? ते कसं वाटलं?"

"ते कशाला वाचू? माझ्याकडे कोंबड्या आहेत."

मामंजींनी त्यांना हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि मला चहा टाकायला सांगितलं.

सध्या ते सुधारित आवृत्ती लिहीत आहेत. वाचकाला अर्ध्यावर सोडू नये, या तत्त्वानुसार कोंबड्यांचा भाग पुरा होईल. जागेसाठी इतिहास थोडा छाटला आहे. (त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.) सदरा पुन्हा अंगाबरोबर बसतो.

एव्हाना या पुस्तकाविषयी तुमचंही मत झालं असेल. चांगलंच असणार, ते मी मामंजींना जरूर कळवीन. तो इतिहास कशाचा होता हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि त्यावाचून तुमचंही काही अडलं नाही. एवढं मात्र त्यांच्या कानावर घालणार नाही.