सातवी ‘ब’च्या खिडकीबाबत

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तिच्यावर नजर ठेवायला समिती लागते. आमच्या शाळेची हवा समिती नऊ जणांची आहे. मी शाळेचा कारकून, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे (अक्षर बरं आहे, आणि मत नाही).

विषय एकच होता. सातवी ‘ब’ची एकुलती एक खिडकी मागच्या तपासणीआधी ऑइलपेंट देताना चौकटीला चिकटली. तेव्हापासून दुपारी बावन्न मुलं माना टाकतात. परवा पहिल्या बाकावरची मुलगी चक्कर येऊन पडली. विज्ञानाच्या बाई समितीत आहेत. त्या म्हणाल्या, “अहो, खिडकी उघडा, बाकी काही नको मला.”

इतकी साधी मागणी आली की समितीला अपमान वाटतो. आधी मोजणी करायचं ठरलं. यंत्र आलं. श्वासांनी खोलीतली हवा किती जड झाली ते हे यंत्र आकड्यात सांगतं: बाहेर चारशे, हजारापुढे डोकं चालेनासं होतं. यंत्र नाजूक, मुलांचा काय भरवसा! म्हणून ते बैठकीच्या टेबलावरच ठेवलं. तिथे एसी असल्याने दारंखिडक्या बंद होत्या (एसी बिघडलेला होता, पण आहे म्हटल्यावर दार उघडं कसं ठेवणार?).

इतिवृत्त जसंच्या तसं देतो.

११.०५, आकडा ६००. खिडकी आजच उघडावी, असं सर्वानुमते ठरलं.

११.४०, आकडा १४००. ‘आज’ म्हणजे नक्की कोणती तारीख, यावर उपसमिती नेमली.

१२.१५, आकडा २१००. वर्गात सम हजेरी क्रमांकांची मुलं श्वास घेतील तेव्हा विषम क्रमांकांच्या मुलांनी तो सोडावा, असा ठराव आला. बाईंचा विरोध. त्या दाराच्या फटीशी बसल्या असल्याने त्यांचं मत पक्षपाती धरलं.

१२.२०. शिपाईमामा चहा घेऊन आले, दार उघडं राहिलं. आकडा ८००. अध्यक्ष दचकून म्हणाले, “अरे, वेड लागलंय का आपल्याला? उघडा की ती खिडकी!” टाळ्या. मामा जाताना दार ओढून गेले.

१२.५०, आकडा २६००. वर्गात उघड्या खिडकीचं चित्र लावावं. मंजूर.

१.१०. अध्यक्ष घोरले. कोणी हरकत घेतली नाही, म्हणून मंजूर.

कपबश्या न्यायला मामा आले, तर बाई सोडून सगळे टेबलावर आडवे (मी इतिवृत्तावर).

“काय ठरलं, बाई?”

“चित्र लावायचं.”

मामांनी कपाळावर हात मारला, हातोडी आणि पेचकस घेतला आणि चार ठोक्यांत सातवी ‘ब’ची खिडकी उघडली. बावन्न मुलं जागी झाली. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने तर प्रश्न विचारून विचारून बाईंना घाम फोडला.

साहजिकच मामांना नोटीस गेली: विषय विचाराधीन असताना खिडकी उघडली, शिवाय गलक्यामुळे शेजारच्या वर्गाची झोपमोड झाली. नोटिशीवर सही झाली तेव्हा आकडा २४०० होता. खिडकी पुन्हा बंद करण्याचा विषय आता समितीपुढे आहे. म्हणजे ही मुलं दहावी होईपर्यंत तरी ती उघडीच राहील.

बाईंनी समिती सोडली, त्यामुळे एक जागा रिकामी आहे. पात्रता फार नाही. हे वाचताना तुम्हाला दोनदा जांभई आली, तुम्ही माझ्या लिखाणाला नावं ठेवलीत, आणि तुमच्या शेजारची खिडकी अजून बंदच आहे ना?

मग या. खुर्ची पुसून ठेवली आहे.