न घेतलेल्या पिस्तुलाची काडतुसं

दामलेकाकांकडे पिस्तूल नाही. कधी नव्हतं, आणि आता होईल असंही वाटत नाही. पण त्या नसलेल्या पिस्तुलात घरात चोर शिरला तर कोणती काडतुसं घालायची, याचा त्यांनी सलग चार महिने अभ्यास केला. एक जाडजूड फाइल केली, एक्सेलमध्ये सत्तावीस रकाने आखले आणि आम्हा नवराबायकोला जिन्यात गाठून इतकं ज्ञान पाजलं, की माझा नवरा कचरा टाकायला तळघराच्या दाराने जायला लागला.

"अहो काका, आधी पिस्तूल तरी ठरवा," मी एकदा वैतागून म्हटलं.

"चूक!" काका म्हणाले. "आधी लोड केस, म्हणजे वस्तूवर कसला भार येणार ते. गोळीने काय करायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरलं की पिस्तूल आपोआप ठरतं. तुम्ही आयटीवाले आधी वस्तू आणता आणि मग तिचा उपयोग शोधत बसता."

काका मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनियर. वय अठ्ठावन्न. इथे जर्मनीत, कार्ल्सरूहेजवळच्या एका कारखान्यात गाडीच्या सीटचं बिजागर किती वेळा उघडमीट केलं की मोडतं, हे बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट केव्हा मोडेल, हाच विचार आधी त्यांच्या डोक्यात येतो. बोलायला लागले की पहिला शब्द "आल्झो". आपण "तर" म्हणतो ना, तसा. आणि दुसऱ्या वाक्यात लोड केस आलीच. "लोड केस ठरल्याशिवाय स्क्रूसुद्धा घेऊ नये," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. एकदा त्यांनी दारातला बर्फ ओढायला फावडं घ्यायचं ठरवलं. बर्फ ओला की कोरडा, फुटपाथचा उतार किती, स्वतःची कंबर किती सोसेल, यात दोन हिवाळे गेले. तोवर शेजारच्या फ्राऊ हॉफमान, म्हणजे हॉफमानबाई, आपल्या खुरप्याने बर्फ काढत होत्या. वय वर्षं ऐंशी!

आमचं घर म्हणजे मुळातलं एकच मोठं घर. मालकाने तळमजल्यावर मधे जिप्समची भिंत घालून त्याचे दोन भाग केले. एका भागात दामलेकाका आणि मेधाकाकू, दुसऱ्यात या फ्राऊ हॉफमान, एकट्या. वर आम्ही. नऊ वर्षांत त्यांचं आणि आमचं बोलणं "हालो" आणि जिना झाडायची पाळी यापलीकडे गेलं नव्हतं.

गेल्या दिवाळीत चोरी झाली. भरदुपारी. आम्ही सगळे महाराष्ट्र मंडळाच्या फराळाला गेलो होतो. काकांनी बागेकडचं दार हवेसाठी वरून तिरकं उघडं ठेवलं होतं, इथे सगळेच ठेवतात. परत येऊन बघतो तर काकांचं घर उपसलेलं. चोर माहीतगार असावेत, कारण आपल्या बायका सोनं कुठे ठेवतात ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. डाळीचे डबे, पिठाचा डबा, सगळं फरशीवर पालथं. मेधाकाकूंच्या आईच्या पाटल्या तूरडाळीत होत्या. गेल्या.

काकू रडल्या नाहीत. डाळीच्या ढिगाकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी आठ दिवसांसाठी म्हणून लेकीकडे, केतकीकडे, बॉनला गेल्या. आठाचे पंधरा झाले. काकू काही परत येईनात.

मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "चोरांचं काही नाही गं. पण दिवसाढवळ्या दोन-तीन माणसं माझं घर उचकटत होती आणि एका माणसाला कळलं नाही. उद्या मी आत पडले, हाका मारल्या, तर कोण येणारे? पुण्यात नुसतं भांडं पडलं तरी समोरची विचारायची, काय सांडलं गं. मला नाही त्या घरात पाऊल टाकवत. यांना म्हणावं, निवृत्ती घ्या, पुण्याला जाऊ. नाहीतर मी आहे इथेच."

हे मी काकांना सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं.

"आल्झो, घर सुरक्षित नाही म्हणून ती येत नाही. घर सुरक्षित केलं की येईल." आणि त्या संध्याकाळपासून काडतुसं सुरू झाली.

काकूंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!" आणि फोन ठेवला.

काका आधी सरकारी कचेरीत गेले. टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ घेऊन, फाइल घेऊन, टाय लावून. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कोणतं शस्त्र आहे?" काका म्हणाले, "अजून नाही, सध्या काडतूस निवडतोय." बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं, की इथे शस्त्रासाठी गरज सिद्ध करावी लागते. शिकारी असाल, क्लबात नेमबाजी करत असाल तर बोला. चोराची भीती सगळ्यांनाच वाटते, ती चालत नाही. काकांनी फाइलमधला आलेख दाखवला. बाईंनी तो शांतपणे बघितला आणि घरी कोणी बोलायला आहे का, असं विचारलं. काकांना याचा फार राग आला.

मग नेमबाजी क्लब. तिथले सगळे म्हातारे काकांवर खूश, कारण काकांनी पहिल्याच दिवशी डबाभर चिवडा नेला. क्लबची बंदूक हातात दिली, कानाला झापडं लावली, दहा गोळ्या दिल्या. काकांनी डोळे मिटून दहा झाडल्या. त्यांच्या कागदावर एकही भोक नाही. शेजारच्या माणसाच्या कागदावर मात्र त्याने झाडलेल्या दहा गोळ्यांची अकरा भोकं. तो बिचारा दोनदा मोजत होता.

"पण काका, परवाना मिळेल का?"

"वर्षभर नियमित जायचं, मग अर्ज. पण गंमत ऐक. मिळालं तरी पिस्तूल आणि काडतुसं तिजोरीत कुलपात ठेवायची. कायदाच आहे! म्हणजे चोर आला की त्याला म्हणायचं, या, बसा, पाणी घ्या, मी किल्ली बघतो."

"मग सोडा ना नाद!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," काका म्हणाले.

त्यातच त्यांना इंटरनेटवर कळलं, की अमेरिकेतले लोक जिलेटिनच्या लादीत गोळ्या मारून त्या किती आत जातात ते मोजतात. काका शुद्ध शाकाहारी. "जिलेटिन कशाचं असतं माहितीये ना? मी घरात नाही आणणार." म्हणून त्यांनी चायना ग्रासची पाच लिटरची लादी बनवून गराजमध्ये ठेवली. मारायला गोळी नव्हतीच, तेव्हा तिच्यात एक खिळा ठोकून बघितला. उरलेली लादी त्यांनी मला आणून दिली. साखरसुद्धा नव्हती तिच्यात. कर्म माझं, मी दूध घालून ती दोन दिवस पोरांना खाऊ घातली.

पण खरं अडलं होतं ते भिंतीपाशी. भरीव गोळी माणसातून आरपार जाते, हे पहिल्या आठवड्यात कळलं. बाद. मग पुढून पोकळ असलेली गोळी. ती आत जाऊन फुलते आणि थांबते. काका आठवडाभर खुशीत. नंतर कुठेतरी वाचलं, की चोराला न लागता ती आधी भिंतीला लागली तर तोंडात जिप्सम भरतं, मग ती फुलतच नाही आणि सरळ पलीकडे जाते. काकांचा चेहरा उतरला. हलकी, जड, लहान, मोठी, सगळ्यांपुढे त्यांनी एक्सेलमध्ये शेवटचा रकाना घातला. रकान्याचं नाव: फ्राऊ हॉफमान. प्रत्येक गोळीपुढे तिथे लाल फुली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी काका टेप घेऊन वर आले. "चल जरा. त्यांचा पलंग नक्की कुठे आहे ते मोजायचंय. एकट्या बाईच्या बेडरूममध्ये मी एकटा कसा जाणार?"

मी "नाही" म्हणायला हवं होतं. पण इतके दिवस ऐकून मलाही त्या पलंगाची उत्सुकता लागली होती.

फ्राऊ हॉफमाननी आम्हाला आत घेतलं. भिंतीची काही तक्रार असेल असं त्यांना वाटलं. काकांनी टेप लावली, कागदावर रेघ मारली, पुन्हा मोजलं. मग खाली बसले, त्यांच्या ड्रेसिंग टेबलच्या स्टुलावरच. काकांच्या हॉलमध्ये चोर जिथे उभा राहील, तिथून सरळ रेघ काढली तर ती फ्राऊ हॉफमानच्या उशीवर येत होती.

"काय मोजताय तुम्ही?" बाईंनी विचारलं.

काकांना खोटं बोलता येत नाही. "गोळी निवडतोय. पिस्तुलाची."

मी डोळे मिटले. आता पोलीस येणार, हे नक्की.

"कोणासाठी?" बाई शांत.

"चोरासाठी."

"आणि मी?"

"तेच तर! चार महिने तुमच्यामुळेच अडलंय. एकही गोळी तुमच्या अलीकडे थांबत नाही."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पलंगावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मिस्टर दामले, एक विचारू? तुमची बायको गेली का?"

"बॉनला गेलीये."

"बॉनला?" बाईंनी छातीवर हात ठेवला. "देवा! रोज सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडे ती शिट्टी व्हायची. तीन शिट्ट्या. तिसरी झाली की मी उठायचे. नऊ वर्षं. दिवाळीपासून एकदम बंद. मला वाटलं, ती वारली, आणि तुम्हाला विचारायचा मला धीर झाला नाही."

कुकर!

"आणि त्या दुपारी मी आवाज ऐकला होता," त्या पुढे म्हणाल्या. "कपाटं उघडल्याचा, डबे पडल्याचा. तुमचा सण आहे, साफसफाई चालली असेल असं वाटलं. बेल वाजवून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. तेव्हापासून मलाही झोप नाही. मला तिचा नंबर द्या."

काकांनी आपल्याच फोनवरून नंबर लावून दिला. काकूंचं जर्मन म्हणजे दुकानापुरतं. फ्राऊ हॉफमान एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या. "मी ऐकलं होतं. मी आले नाही. माफ करा. आता ऐकलं तर येईन. तुम्ही भिंतीवर ठोका, मी येईन. मी ठोकलं तर तुम्ही याल?" मग काकूंचा आवाज, मलाही ऐकू आला: "या. या, फ्राऊ हॉफमान. गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. आणि मग त्या रडायला लागल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

शनिवारी दुपारी काकू आल्या. पण लहानशी पिशवी घेऊन. "बघायला आलेय, राहीनच असं नाही," असं त्यांनी स्टेशनवरच सांगून टाकलं. फ्राऊ हॉफमान चांगला कोट घालून दारात उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

मग काकू आपल्या दाराशी आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या. काकांनी सुरुवात केली, "आल्झो, आता आतून आडवा दांडा आहे, काच नवीन आहे, बागेकडे आपोआप लागणारा दिवा..."

"हो, बघितलं," काकू म्हणाल्या. पाऊल काही उचलेना. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेली. "केतकीला सांगून आलेय, संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून ठेव म्हणून."

मला वाटलं, काका आता फाइल काढतात. पण ते खाली फरशीकडे बघत म्हणाले, "मेधा, मला भीती वाटते गं."

"कसली?"

"या घरात. एकट्याला. पहिल्या दिवसापासून. साधं पाणी प्यायला उठलो तरी सगळे दिवे लावतो. तुला कळलं असतं तर तू कधीच आली नसतीस. म्हणून म्हटलं, काहीतरी ठोस करावं आणि मगच तुला बोलवावं. ते गोळ्यांचं वाचत बसलं की जरा बरं वाटायचं."

इतकी वर्षं ओळखते मी त्यांना. असं काही ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी जिन्याकडे बघत उभी राहिले.

"अहो," काकू म्हणाल्या, "चार महिने मी तिकडे वाट बघतेय, कधीतरी म्हणाल, मेधा ये. तुमचा फोन आला की आपलं नऊ मिलिमीटरच्या गोळीचं! मला वाटलं, यांना माझ्यापेक्षा त्या चोराचीच जास्त आठवण येते. भीती वाटते, एवढं म्हणाला असतात ना, तर दुसऱ्याच दिवशी आले असते मी."

त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सरका बाजूला. मी पुढे होते, तुम्ही माझ्या मागून या."