रसूलभाईंची हरळी

आमच्या घोटावड्यात हरळीचं नाव शिवीसारखं घेतात. एकदा शेतात शिरली की पिढ्या गेल्या तरी निघत नाही. बायाबापड्या ती खणून बांधावर फेकत, आणि रसूलभाई तीच टोपलीत भरून घरी आणत. अंगणात लावायला. गावानं कपाळाला हात लावला.

रसूलभाई एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सारी हयात ताम्हिणीची मुक्कामी गाडी चालवण्यात गेली. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या बायकोला, हमीदाभाभींना, लकवा मारला आणि उजवा पाय पार बधिर झाला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, रोज हिरवळीवर अनवाणी उभं करा, कदाचित फरक पडेल. त्यातलं 'कदाचित' रसूलभाईंनी ऐकलंच नाही. हिरवळ तेवढी ऐकली.

माझं घर लागूनच, त्यामुळे सगळी मशागत मी कुंपणावरून पाहिली. पावसाळ्यात आमच्या अंगणांची तळी होतात. हरळी कुजू नये म्हणून हा गृहस्थ डोक्यावर पोतं घेऊन चर खणत बसे. गवत माजलं तेव्हा मी म्हटलं, आता कापून घ्या.

"वल्यात इळा लावायचा न्हाई, गुरुजी. वल्या रस्त्याव कचकन ब्रेक मारतात व्हय?"

दिवाळीनंतर कापणी झाली. थंडीत चाळलेलं शेणखत पडलं. त्या खतापायी आमची पिठाची चाळण गेली, आणि ती परत मागायची आमच्या घरात कुणालाच इच्छा राहिली नाही. हिरवळीला नावं ठेवलेली मात्र रसूलभाईंना खपत नसत. "जरा इरळ हाय," एवढंच सरपंच म्हणाले, तर त्यांना चहा न पाजता वाटेला लावलं.

रोज सकाळी ते भाभींना काखेत धरून हरळीवर उभं करत.

"काय लागतंय का?"

"न्हाई."

"लागंल."

मग चहा.

उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. अंघोळीचं, भांड्यांचं सगळं पाणी हरळीला जाई, तरी ती पिवळी पडली, मग पार करपली.

"मेली की वो तुमची हरळी," दूधवाला म्हणाला.

"झोपलीया. मेली न्हाई. गाडी मुक्कामाला थांबली म्हंजे भंगारात निघाली का?"

भाभींच्या पायाबद्दलही ते हेच सांगत. खरं सांगायचं तर, या दोन्ही गाड्या पुन्हा सुटतील असं मला वाटत नव्हतं, आणि त्यांच्या हट्टाची मला भीती वाटायला लागली होती.

एका सकाळी त्यांनी भाभींना त्या वाळक्या गवतावर उभं केलं. नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच भाभी कावल्या.

"अवो, काय हे तुमचं गवत. टोचतंय की."

मी मनात म्हटलं, आज भाभींचाही चहा गेला.

"कुटं?" रसूलभाईंनी विचारलं.

"कुटं म्हंजे? पायाला."

"कुटल्या?"

भाभींनी खाली पाहिलं.

"उजव्या," त्या म्हणाल्या.

डोळे पुसायला रसूलभाईंचा हात मोकळा नव्हता, त्यामुळे ते तसेच वाहत होते.

"लई टोचतंय?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"लई," भाभी म्हणाल्या. आणि काही केल्या गवतावरून हलायला तयार होईनात.