बिभीषणरावांचा हौद

दुष्काळाच्या त्या वर्षी चकलांब्याजवळच्या एका गावात बायकांच्या दूध संस्थेनं चारा छावणी उभी केली. शेण काढणं, कडबा कापणं, जनावरांना पाणी पाजणं, सगळं घरटी पाळीनं चाले. बिभीषणरावांच्या घरची पाळी त्यांची बायको मंजुळाबाई भरायची. ते स्वतः पांढरीफेक टोपी घालून फाटकाशी लिंबाखाली खुर्ची टाकून बसत आणि बसल्या जागेवरून चुका काढत.

"वत्सलाबाई, दारातला हौद सोडून पार त्या टोकाला पाणी काहून न्यायलाव? बायकांच्या हाती कारभार गेला की असंच!"

संस्थेच्या अध्यक्ष वत्सलाबाई डोक्यावरची शेणाची पाटी सावरत म्हणाल्या, "भाऊजी, एकदा आत येऊन तर बगा."

"मला हितून समदं दिसतंय."

त्या दुपारी टँकर वेळेआधीच आला. बायका मागच्या बाजूला कडबा कापत होत्या; मशीनच्या आवाजात हॉर्न कुणालाच ऐकू गेला नाही. ड्रायव्हर घाईत होता, शिवाय नवखा. खुर्चीतली टोपी पाहून त्यानं विचारलं, "अध्यक्षसाहेब, पाणी कुठं सोडू?"

बिभीषणरावांना उभ्या आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी ऐटीत बोट दाखवलं.

"ह्या हौदात सोड."

"पण मला तर मागच्या टाकीत सोडाया सांगितलंय."

"अध्यक्ष कोण हाय बे, तू का मी?"

ड्रायव्हरनं मुकाट्यानं पाइप हौदात टाकला, टँकर रिकामा केला आणि फुफाटा उडवत निघून गेला.

थोड्या वेळानं वत्सलाबाई घाम पुसत फाटकाशी आल्या. "टँकर कसा आला न्हाई अजून?"

"आला आन् गेलाबी! तुमाला दिवसभर जमत न्हाई ते म्या बसल्या जागी केलं. या, दावतो."

पुढं बिभीषणराव, मागं सगळ्या बायका. सगळ्यांनी हौदात डोकावलं. तळाला हात जाईल एवढी भेग होती, आणि उरलंसुरलं पाणी तिच्यात गुडगुड करत उतरत होतं.

"फुटका हाय ह्यो," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "लई दिसांचा."

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बिभीषणरावांना बरं वाटलं असतं. उलट बोलायची त्यांना सवय होती. तेवढ्यात पाण्याच्या वासानं दावणीची जनावरं हंबरायला लागली. मंजुळाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. ते पाहून बिभीषणरावांना आपली टोपीसुद्धा जड झाली.

ते तडक घरी गेले. त्यांच्या विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं. बैल छावणीत, त्यामुळं गाडीचा उपयोग नव्हता. मग काठीला दोन डबे बांधून त्यांनी कावड खांद्यावर घेतली. छावणीत पोचेपर्यंत निम्मं पाणी धोतरावर सांडलं होतं. दुसऱ्या खेपेला दम लागून ते बांधावरच बसले. मान वर करून पाहतात तर घागरी, बादल्या घेऊन बायका त्यांच्याच विहिरीकडं निघालेल्या.

"तुमी ऱ्हाऊ द्या," ते खाली बघत म्हणाले. "चूक माझी हाय. मी भरतो."

"चूक तुमचीच हाय, भाऊजी," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण जनावरं समद्यांची हायेत."

दिवस मावळेपर्यंत खेपा चालल्या. कुणी घागर कशी धरतंय, कोण हळू चालतंय, यावर बिभीषणराव एक अक्षर बोलले नाहीत.

सकाळी ते मंजुळाबाईंच्या आधीच छावणीत हजर. कडब्याची पेंढी उचलून ते आपल्या म्हशीपुढं गेले. म्हशीनं त्यांना खालीवर न्याहाळलं, फुर्रकन नाक वाजवलं आणि दावं ताणेपर्यंत मागं सरकली. बायकांत खसखस पिकली.

"माझीच म्हैस, आन् मलाच वळखंना!" बिभीषणराव कानकोंडे होऊन म्हणाले.

वत्सलाबाई शेजारच्या दावणीला चारा टाकत होत्या. "तसंच हुबं ऱ्हावा. पडंल वळख हळूहळू."

बिभीषणराव पेंढी पुढं धरून तसेच उभे राहिले. म्हैस मान वळवून मंजुळाबाईंची वाट बघत होती.