बाबांचा चेंडू आणि माझा वेगवान कंपायलर

कंपायलर बदलायचा, एवढंच मी ठरवलं होतं. (मी काही ठरवलं की घरच्यांनी सावध व्हावं, असं बायको म्हणते.) आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देतो, तो कंपायलर. मी पोटासाठी गेम बनवतो, त्यामुळे वेगापलीकडे मला काही सुचत नाही.

अर्धांगवायूच्या झटक्याने बाबांचा उजवा हात लुळा पडला होता. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मी त्यांच्यासाठी एक गेम लिहिला. वरून चेंडू येणार, बटण दाबून तो झेलायचा. चेंडू सावकाश यावा म्हणून मशीनला मध्येच उगाच आकडे मोजत बसवलं. महिन्याभरात बाबा दहातले सहा झेलू लागले. कपसुद्धा उजव्या हाताने धरू लागले.

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तीन आठवडे खपून पाच कंपायलर तपासले आणि सगळ्यात वेगवान निवडला.

"नीट चाललंय ना? मग कशाला हात लावताय?" बायको म्हणाली.

"तुला त्यातलं कळत नाही."

नव्या कंपायलरने गेममधली माझी आकडेमोड पाहिली, हिचा कशालाच उपयोग नाही हे ओळखलं आणि ती सरळ उडवून लावली. (माझ्या एकूण कामाबद्दल साहेबांचंही हेच मत आहे.) चेंडू दिसायच्या आत पडू लागला. मी ऑफिसात. बाबांचे एकट्याने बसून सकाळभर चेंडू हुकत राहिले.

"हात गेला रे माझा," मी घरी आल्यावर ते म्हणाले.

मीही घाबरलो, त्यांना घेऊन डॉक्टरांकडे धावलो. गेम तपासायचं सुचलं ते पाचव्या दिवशी. तोवर कप डाव्या हातात गेला होता. मला रडू आलं.

"बाबा, तुमचा हात चांगला आहे. चूक माझी होती."

"समजूत काढू नकोस. तुझी कसली चूक?"

गेम दुरुस्त करून समोर ठेवला, तर म्हणाले, "माझ्यासाठी मुद्दाम सोपा केलास ना?" बटणाला बोटही लावलं नाही.

शेवटी मी बायकोला साक्षीला बोलावलं. तिने लग्नापासूनच्या माझ्या चुका तारीखवार सांगितल्या. उलटा बसवलेला नळ, भलत्याच गाडीत बसवून दिलेली मावशी, सगळं. एकदाही अडखळली नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते असेल गं, सूनबाई. पण कॉम्प्युटरमध्ये तो चुकायचा नाही."

आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी शालीत घेतला. बाबांनी एकदा तरी मला हुशार म्हणावं, म्हणून मी जन्मभर धडपडलो होतो.