पाचवा नट आणि मृणालिनीवहिनींचे गाणे

समाज एकत्र यायचा तर मध्यभागी काहीतरी अढळ लागते. आमच्या दुबईच्या मंडळाला घटना होती, अध्यक्ष होते, एकमेकांशी न बोलणारे दोन माजी अध्यक्षही होते. अढळ असे काही नव्हते. ते नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्याला शारजा-दुबई रस्त्याच्या कडेला सापडले.

त्या दिवशी मंडळात मृणालिनीवहिनी गाणार होत्या. लग्नानंतर प्रथमच. वेळ पाचची, कारण सहाला हॉल रिकामा करून द्यायचा होता. महिनाभर त्यांनी स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावून रियाज केला होता (शेजाऱ्यांना त्रास नको). यजमान राजाभाऊ गाडी चालवत होते आणि वाटेत टायर बसला.

राजाभाऊ इंजिनिअर. एअर कंडिशनिंगचे, पण इंजिनिअर तो इंजिनिअर. पंक्चरवाल्याला बोलावणे हा पदवीचा अपमान. चार नट निमूट निघाले. पाचवा हलेना. याला शास्त्रीय कारण आहे. दर दसऱ्याला राजाभाऊ त्या चाकापुढे नारळ फोडत आणि पाणी नेमके त्याच नटावर शिंपडत. इतकी वर्षे पूजा झाल्यावर कोण जागा सोडतो?

मंडळातल्या बायका रांगोळी आणि बटाटेवड्यांसाठी दुपारीच हॉलवर पोचल्या होत्या. मागून निघालेले पुरुष एकेक करून थांबू लागले. वासुदेवराव थांबले, नागेश थांबला, दोन्ही माजी अध्यक्ष थांबले. वार्षिक सभेला कोरमअभावी अर्धा तास तहकुबी लागते. इथे लागली नाही.

"राजाभाऊ, डावीकडे फिरवताय?" वासुदेवराव म्हणाले. "अहो, हे इंडिया नव्हे. इथलं ट्रॅफिक राइट हँडचं. म्हणजे नटही ऑपोझिट!"

मुद्दा बिनतोड होता. ठराव एकमताने संमत झाला. दोन्ही माजी अध्यक्ष खांद्यावर हात टाकून पान्यावर उभे राहिले आणि नट होता त्याहून घट्ट झाला. (मंडळाच्या इतिहासातले हे पहिले सामूहिक कार्य.)

"अहो, मी टॅक्सीनं पुढे होऊ का?" वहिनींनी विचारले.

"पाच मिनिटं गं. खलास, होतंच आलंय."

इतक्यात तय्यब नावाच्या पठाणाने टॅक्सी हळू केली. "दीदी, चलना है?" वहिनी बसल्या. हे कुणाच्याच लक्षात आले नाही, कारण त्याच क्षणी नट 'कर्र' असा वाजला आणि टाळ्या पडल्या.

शेवटी नट निघाला नाही. बोल्टच तुटला. सर्वांनी हस्तांदोलन केले, नागेशने आभार मानले.

मंडळी हॉलवर पोचली तेव्हा खुर्च्या घडी होत होत्या. बायका डोळे पुसत बाहेर येत होत्या. वहिनींचा चेहरा राजाभाऊंनी कधी न पाहिलेला होता, आणि त्यांनी तो आताही पाहिला नाही.

"तुटला एकदाचा!" ते म्हणाले.

"छान," वहिनी म्हणाल्या.

त्या काय गायल्या, हे मंडळातल्या एकाही पुरुषाला आजतागायत ठाऊक नाही. अशा पुरुषांना हसणे सोपे आहे. पण वाचकहो, वहिनी टॅक्सीत बसल्या तेव्हा आपण कुठे होतात? नटापाशीच ना?

तय्यबच्या टॅक्सीत जागा होती.